आधी सॉफ्टवेअर, मग पॉवर बँक: कमी खर्चात लॅपटॉप आणि फोन दिवसभर चालवण्यासाठी

लॅपटॉपची बॅटरी दीड तासात बसते, फोन दुपारीच लाल दाखवायला लागतो, आणि आपण लगेच मोठ्यात मोठी पॉवर बँक शोधायला निघतो. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. आधी आपलं यंत्र किती वीज खातं ते मोजा, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने ती भूक कमी करा, आणि मग उरलेल्या गरजेपुरतीच पॉवर बँक घ्या. या क्रमाने गेलं की बऱ्याचदा लहान पॉवर बँक पुरते, आणि काही वेळा तर ती घ्यावीच लागत नाही.

अभ्यासिकेत दिवस काढणारे विद्यार्थी, शाळेतले शिक्षक, हिशेब लॅपटॉपवर ठेवणारे छोटे दुकानदार आणि लोडशेडिंगच्या गावात राहून ऑनलाइन काम करणारे यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. लॅपटॉप पाच ते आठ वर्षं जुना आहे असं धरलं आहे, कारण पैसे वाचवण्याची खरी संधी तिथेच असते.

पायरी 1: बॅटरीत आज किती जीव आहे ते बघा

विंडोजच्या स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून काळी खिडकी उघडा. तिथे इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं लिहून एंटर दाबा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली आहे तेही तिथेच दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात दोन आकडे शोधायचे: ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असतानाची क्षमता, आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. आकडे मिलिवॉट-तासांत असतात, हजाराने भागले की वॉट-तास, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज, मिळतात.

समजा नवी असताना 42 वॉट-तास होते आणि आज 28 उरलेत. म्हणजे बॅटरीचा एक तृतीयांश भाग गेला. आजची क्षमता निम्म्याच्याही खाली असेल, तर पॉवर बँकेआधी नवी बॅटरी बसवण्याचा विचार करा. आणि टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगलेला दिसत असेल, तर लॅपटॉप बंद करा, चार्जिंग थांबवा आणि थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

आता खर्च मोजू. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून पिन काढा आणि एक तास नेहमीसारखं काम करा. 28 वॉट-तासांपैकी अर्धी बॅटरी तासाभरात उतरली, तर तुमचा लॅपटॉप 14 वॉट खातो. हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब याच्यावर उभा राहणार आहे.

पायरी 2: भूक कमी करा

सगळ्यात जास्त वीज पडदा आणि ब्राउझर खातात. खोलीत बसून काम करताना पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला तरी चालतं. विंडोजमध्ये ‘बॅटरी सेव्हर’ (विंडोज 11 च्या नव्या आवृत्तीत ‘एनर्जी सेव्हर’) बॅटरी बरीच उतरल्यावरच आपोआप सुरू होतो, तुम्ही तो बॅटरीवर आल्याबरोबर हाताने सुरू करा. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ विभागात जाऊन सुरुवातीलाच उघडणारे प्रोग्रॅम बंद करा. लॅपटॉपबरोबर आलेली चाचणी मुदतीची अँटिव्हायरसं काढून टाका, विंडोजचं स्वतःचं डिफेंडर घरगुती वापराला पुरेसं आहे.

ब्राउझरसाठी फायरफॉक्स घ्या आणि त्यात ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे फुकट एक्स्टेन्शन बसवा. जाहिरातींचे हलते चौकोन थांबले की प्रोसेसरला आराम मिळतो, बॅटरी वाचते, आणि मोबाइल डेटाही. व्हिडिओ लेक्चर ऐकायचंच असेल तर 1080 ऐवजी 480 वर ठेवा. फळ्यावरची अक्षरं त्यातही वाचता येतात.

लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर पॉवर बँकेच्या पैशांतून आधी एसएसडी (न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क) घ्या, हे मी ठामपणे सांगेन. जुन्या लॅपटॉपच्या वेगात दुसऱ्या कुठल्याही बदलाने इतका फरक पडत नाही, आणि विजेचा खर्चही थोडा उतरतो.

फोनचं गणित वेगळं आहे. तिथे कमकुवत नेटवर्क हा मोठा चोर. कोकणात किंवा घाटातल्या गावात जिथे एकच दांडी येते, तिथे फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि खिशातल्या खिशात बॅटरी संपवतो. 5जी धड मिळत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन 4जी वर बांधून ठेवा. घरी वाय-फाय असेल तर ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमधलं व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा. मग सेटिंगमधल्या ‘बॅटरी’ विभागात कोणतं अ‍ॅप किती टक्के खातं ते बघून वर दिसणारी, पण तुम्ही वापरत नसलेली अ‍ॅप काढून टाका.

पायरी 3: जुन्या लॅपटॉपवर कोणती प्रणाली ठेवायची

विंडोज 10 साठी मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षेच्या वाढीव अपडेटची सोय 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (लॅपटॉपमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, त्यामुळे बरेच चांगले चालणारे लॅपटॉप अधांतरी राहिले आहेत.

अशा वेळी दुकानात ‘क्रॅक टाकून देतो’, म्हणजे परवाना न घेता विंडोज चालवून देतो, असं सांगतात. ते घेऊ नका. क्रॅक चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्याच दारातून पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम आत येतात. ज्या यंत्रावरून तुम्ही बँकेचं काम करता किंवा परीक्षेचे अर्ज भरता, तिथे हा धोका पत्करण्याइतकी बचत त्यात नाही.

लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी बसणारी प्रणाली, आणि तो माझ्या मते मराठी घरातल्या जुन्या लॅपटॉपसाठी सर्वांत सोपा पर्याय आहे. तो पूर्ण मोफत आहे, त्याचा चेहरा विंडोजसारखा आहे, आणि 4 जीबी रॅमवर नीट चालतो. मिंट 22 च्या मालिकेला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम फारच कमी असेल तर त्याची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती घ्या.

बसवण्याआधी वापरून बघता येतं, आणि तसंच करावं. 8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाईल हे लक्षात ठेवा. मिंटची फाइल त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा आणि ‘रुफस’ किंवा ‘बलेना एचर’ या मोफत साधनाने पेनड्राइव्हवर चढवा. लॅपटॉप बंद करून सुरू करताना बूट मेनूची कळ दाबा. ती कंपनीप्रमाणे एफ12, एफ9 किंवा एस्केप असते. पेनड्राइव्ह निवडला की मिंट तिथूनच चालतं आणि तुमच्या डिस्कला हात लावत नाही. या अवस्थेत वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि झाकण मिटल्यावर झोपून परत उठणं, एवढं तपासा. सगळं जमलं तर आपल्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा, विंडोजचं बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्या, आणि मगच पडद्यावरचं ‘इन्स्टॉल’ दाबा.

कोणी लिनक्सवर जाऊ नये तेही सांगतो. टॅली, ऑटोकॅड, टेंडरसाठी लागणारं डिजिटल सहीचं डोंगल, श्रीलिपीसारखी जुनी डीटीपी सॉफ्टवेअर किंवा कॅमेऱ्यातून नजर ठेवणारं परीक्षेचं सॉफ्टवेअर तुमच्या रोजच्या कामात असेल, तर विंडोज राहू द्या. यातलं काही लिनक्सवर ओढूनताणून चालवता येतं, पण पोटापाण्याचं काम अशा जोडणीवर ठेवू नये.

पायरी 4: कामाचं मोफत सॉफ्टवेअर आणि मराठी

पत्रं, हिशेब, सादरीकरण यांसाठी लिब्रेऑफिस. ते 2010 साली ओपनऑफिसमधून वेगळं झालं, आणि त्याचे मेनू मराठीतही करता येतात. वर्ड आणि एक्सेलच्या फाइली उघडतात, पण मॅक्रो (शीटमध्ये लिहिलेल्या, आपोआप चालणाऱ्या सूचना) असलेल्या गुंतागुंतीच्या एक्सेल शीटवर मी भरवसा ठेवणार नाही. फाइल दुसऱ्याला पाठवताना त्याने त्यात बदल करायचे नसतील तर पीडीएफ पाठवा, म्हणजे मांडणी हलत नाही. मायक्रोसॉफ्टचंच हवं असेल तर वर्ड आणि एक्सेल ब्राउझरमध्ये मोफत वापरता येतात. कॉलेजचा ईमेल असेल तर कॉलेजने शैक्षणिक परवाना घेतला आहे का ते कार्यालयात विचारा.

फोटोसाठी गिंप, पोस्टर आणि लोगोसाठी इंकस्केप, आवाज कापायला ऑडॅसिटी, लेक्चर रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ, व्हिडिओ बघायला व्हीएलसी, गणिताच्या शिक्षकांना जिओजेब्रा. फोन आणि लॅपटॉप एकाच वाय-फायवर असतील तर ‘लोकलसेंड’ने फाइली इंटरनेटचा डेटा न वापरता इकडून तिकडे जातात. ही सगळी फुकट आहेत. मात्र ती त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. शोधात सर्वांत वर येणारा ‘डाउनलोड’ बऱ्याचदा जाहिरात असतो.

मराठी टायपिंगसाठी वेगळं काही विकत घेण्याची गरज उरलेली नाही. विंडोज 10 मध्ये मे 2019 च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कळफलक आहे, भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून तो निवडायचा. मिंटमध्ये कळफलकाच्या यादीत मराठीचा इन्स्क्रिप्ट (सरकारी प्रमाण मांडणी) आणि कगप (उच्चाराप्रमाणे टायपिंग) असे दोन्ही पर्याय मिळतात. अक्षरांसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता, आयआयटी मुंबईचा शोभिका आणि गूगलचा नोटो हे मोफत फॉन्ट घ्या. तिन्ही युनिकोड आहेत, त्यामुळे तुमचा मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर चौकोन होऊन उघडत नाही.

आता पहिल्या पायरीतली एक तासाची चाचणी पुन्हा करा. 14 वॉटचे 9 झाले असं धरून पुढे जाऊ.

पायरी 5: किती मोठी पॉवर बँक लागेल

पॉवर बँकेवरचा एमएएच हा आकडा आतल्या सेलचा असतो, साधारण 3.7 व्होल्टवर मोजलेला. त्याला 3.7 ने गुणून हजाराने भागा. 10,000 एमएएच म्हणजे 37 वॉट-तास, 20,000 म्हणजे 74. व्होल्टेज वाढवताना आणि केबलमध्ये काही वीज उष्णता होऊन जाते, म्हणून पाचवा हिस्सा सोडून द्या. 74 मधले साधारण 60 हाती लागतात.

9 वॉट खाणाऱ्या लॅपटॉपला हे 60 वॉट-तास आणखी सहा तासांच्या आसपास नेतात. सॉफ्टवेअर न सुधारता, 14 वॉटवर, तीच पॉवर बँक चार तासांत रिकामी होते. हा दोन तासांचा फरक विकत घ्यायचा तर 30,000 एमएएचची पॉवर बँक लागली असती.

फोनची 5,000 एमएएचची बॅटरी सुमारे 19 वॉट-तासांची असते. म्हणजे 10,000 ची पॉवर बँक फोन दोनदा नव्हे, साधारण दीड वेळा भरते. ही फसवणूक नाही. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून 5 व्होल्टवरचा आकडा दिलेला असतो, 10,000 च्या पॉवर बँकेवर तो 5,500 ते 6,500 च्या दरम्यान दिसतो. खरेदी करताना तोच आकडा वाचा. जिथे तो छापलेलाच नाही ती पॉवर बँक घेऊ नका.

पायरी 6: लॅपटॉप त्यावर चार्ज होईल का

इथे सर्वाधिक पैसे वाया जातात. लॅपटॉपला सी-टाइप पोर्ट आहे एवढ्यावरून तो तिथून चार्ज होईलच असं नाही. पोर्टजवळ विजेचं किंवा पिनचं चिन्ह आहे का बघा, आणि मॉडेलच्या माहितीपत्रकात ‘पॉवर डिलिव्हरी’ (सी-टाइपमधून चार्ज करण्याची पद्धत) हे शब्द शोधा. दोन्ही नसतील तर ते पोर्ट चार्जिंगसाठी नाही असंच धरा.

असेल तर अडॅप्टरवरचे वॉट वाचा. 45 किंवा 65 वॉटचा अडॅप्टर असेल तर पॉवर बँकही सी-टाइपमधून तेवढे देणारी हवी. खोक्यावर ‘20 व्होल्ट, 3.25 अँपिअर’ असं दिसलं म्हणजे ते 65 वॉट. फक्त 22.5 वॉट लिहिलेली पॉवर बँक फोनसाठी आहे, लॅपटॉप तिला बहुधा ओळखणारही नाही. सी-टाइपच्या साध्या केबलमधून 60 वॉटपर्यंतच वीज जाते, त्यापुढे 5 अँपिअरची, आत ओळख-चिप असलेली केबल लागते. अनेक जण चांगली पॉवर बँक घेऊन केबलला शंभर रुपये वाचवतात आणि मग चार्जिंग हळू होतं म्हणून पॉवर बँकेला दोष देतात.

दोन उपकरणं एकाच वेळी लावली की 65 वॉट दोघांत वाटले जातात, आणि लॅपटॉपच्या वाट्याला कधी 45 तर कधी 30 येतात. हेही खोक्यावर लिहिलेलं असतं.

गोल पिनच्या लॅपटॉपसाठी सी-टाइप ते गोल पिन अशा केबली मिळतात. पिनची जाडी आणि व्होल्टेज तंतोतंत जुळलं तर त्या चालतात. डेलसारख्या काही लॅपटॉपांत मात्र अडॅप्टरची ओळख पटवणारा वेगळा संकेत असतो, तो न मिळाल्यास लॅपटॉप चालू राहतो पण बॅटरी भरत नाही. परत करण्याची मुदत असेल तरच ही केबल घ्या.

फोनबाबत एवढंच: 67 किंवा 80 वॉटचं कंपनीचं खास जलद चार्जिंग दुसऱ्या ब्रँडच्या पॉवर बँकेवर मिळत नाही, आणि सॅमसंगच्या 25 वॉटसाठी पॉवर बँकेत ‘पीपीएस’ (फोनच्या गरजेप्रमाणे व्होल्टेज बदलत राहणारं चार्जिंग) असावं लागतं.

पायरी 7: नकली माल ओळखा

भारतात पॉवर बँकेला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. अंगावर बीआयएसचं चिन्ह, ‘आयएस’ने सुरू होणारा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकड्यांचा नोंदणी क्रमांक असायला हवा. ‘बीआयएस केअर’ हे सरकारी अ‍ॅप फोनवर घ्या आणि दुकानात उभं राहूनच तो क्रमांक टाका. उत्पादकाचं नाव आणि वस्तूचा प्रकार समोर येतो. तो हातातल्या वस्तूशी जुळला नाही तर ती तिथेच ठेवा.

दुसरी कसोटी वजनाची. 18650 या गोल सेलचं वजन 45 ग्रॅमच्या आसपास असतं आणि क्षमता 2,500 ते 3,000 एमएएच. 20,000 साठी असे सात-आठ सेल लागतात, म्हणजे फक्त सेलच तीनशे ग्रॅमच्या वर गेले. चपट्या सेलची पॉवर बँक थोडी हलकी असते. तरीही ‘50,000 एमएएच’ म्हणून रेल्वे स्टेशनाबाहेर पाचशे रुपयांत मिळणारी, खिशात सहज मावणारी वस्तू आतून काय असेल ते वजनच सांगतं.

किमतींचा अंदाज द्यायचा तर 10,000 ची नामांकित पॉवर बँक साधारण हजार ते पंधराशे रुपयांना आणि 20,000 ची 65 वॉटवाली तीन ते पाच हजारांना मिळते. जुनी, वापरलेली पॉवर बँक मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. नामांकित ब्रँडही अपवाद नसतात: जून 2025 मध्ये अँकरने आग लागण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेत 11 लाखांहून अधिक ‘पॉवरकोर 10000’ परत मागवल्या. म्हणून बिल जपून ठेवा आणि मॉडेल क्रमांक टाकून अधूनमधून शोध घ्या.

पायरी 8: परत करण्याच्या मुदतीतच तपासा

पॉवर बँक रात्री पूर्ण भरा. 20,000 ची पॉवर बँक 18 वॉटच्या चार्जरने पाच-सहा तास घेते, जुन्या 10 वॉटच्या चार्जरने त्याच्या जवळपास दुप्पट. मग फोन 20 टक्क्यांवर आणून 80 पर्यंत भरा, आणि पॉवर बँक संपेपर्यंत हे करत राहा. 5,000 एमएएचच्या फोनमध्ये प्रत्येक वेळी 11 ते 12 वॉट-तास जातात. 20,000 च्या पॉवर बँकेने चारच्या वर फेऱ्या दिल्या तर माल खरा. दोन-अडीचमध्ये आटोपली तर परत करा. या काळात ती कोमट होणं ठीक, हात ठेवता येत नसेल इतकी तापली तरीही परत करा.

लोडशेडिंग आणि प्रवास

वीज गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो पण राउटर बंद पडतो, हे बरेच जण विसरतात. फायबरचा राउटर बहुधा 12 व्होल्टवर चालतो, आणि त्याच्यासाठी वेगळा छोटा ‘राउटर यूपीएस’ मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवा. भारनियमनाच्या गावात घरून काम असेल तर लॅपटॉपच्या पॉवर बँकेआधी हा घ्यावा. फोनच्या हॉटस्पॉटवर तासन्‌तास काम केलं तर फोनही संपतो आणि आणीबाणीला फोनच हाताशी राहत नाही.

विमानात पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत न्यायची, चेक-इनच्या सामानात कधीही नाही. 100 वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, 100 ते 160 साठी विमान कंपनीची मंजुरी हवी, त्यापुढे बंदी. 27,000 एमएएच म्हणजे 99.9 वॉट-तास, म्हणूनच बाजारात त्या आकड्याच्या पॉवर बँका दिसतात. अंगावर वॉट-तास किंवा क्षमता पुसली गेली असेल तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते. आखाती देशांत ये-जा करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की एमिरेट्सने 1 ऑक्टोबर 2025 पासून प्रत्येकी एकच पॉवर बँक आणि तीही उड्डाणात न वापरण्याच्या अटीवर ठेवली आहे.

जपणूक

लिथियमला उष्णता सहन होत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर पॉवर बँक ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य कापणं. चार्ज करताना उशीखाली किंवा गादीवर ठेवू नका, फरशीवर ठेवा. महिनोन्‌महिने वापर नसेल तर निम्मी भरून ठेवा. लॅपटॉप दिवसभर पिनेवरच असतो त्यांनी लेनोवो व्हँटेज, माय आसुस अशा कंपनीच्या मोफत अ‍ॅपमधून चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवून ठेवावं.

फुगलेली किंवा पडून चेपलेली पॉवर बँक पुन्हा चार्ज करू नका, उघडू नका आणि घंटागाडीत टाकू नका, कारण कचरा दाबताना ती पेटते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ब्रँडच्या सेवा केंद्रात किंवा महापालिकेच्या ई-कचरा संकलन केंद्रात द्या. देईपर्यंत ती पत्र्याच्या डब्यात, कोरड्या वाळूत, घराबाहेर सावलीत ठेवा.